सतरा नंबरच्या रेघा

तीस वर्षं मी माणसं कापून पोट भरते आहे. घाबरू नका. हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावर, माझी खोली आहे, आणि डॉक्टरांनी आधीच काढलेले तुकडे तिथे माझ्याकडे येतात. ते मेणाच्या वडीत बसवायचे आणि यंत्राचं चाक फिरवत पात्यावर त्यांचे काप काढायचे, हे माझं काम. केसाच्या जाडीचे दहा भाग केलेत तर त्यातला एक, एवढा पातळ काप. तो कोमट पाण्यावर सोडायचा, कुंचल्याने त्याची सुरकुती काढायची आणि काचपट्टीवर अलगद उचलायचा. शिंक आली की काप जातो, पंखा लावला की काप जातो, आणि माझ्या पाठीमागे कुणी येऊन उभं राहिलं की माझं डोकं जातं.

माझं पातं पोलादी आहे, वीतभर लांब. माझ्या आधी या खोलीत जे काम करत त्यांनी निवृत्त होताना ते माझ्या हातात दिलं, आणि तेव्हापासून त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही. म्हणजे एक माणूस सोडून. त्याचं पुढे सांगते.

दोन वर्षांपूर्वी समोरच्या खोलीत एक नवी पोरगी आली. मी तिला नकाशावाली म्हणते. तिला राग येत नाही, ती मला मावशी म्हणते. माणसाच्या रक्तवाहिनीत जो थर साचतो, जुन्या नळात साचतो तसा, त्यात कुठला धातू कुठे बसलाय याचे ती नकाशे काढते. त्यासाठी तिच्याकडे खोलीभर यंत्र आहे, आणि ते यंत्र म्हणजे माझ्या मेहनतीचं मातेरं. मी अर्धा दिवस मान मोडून काप काढायचा, आणि हिने तो लेझरखाली ठेवून जाळायचा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, रेघेखाली रेघ, फरशी पुसावी तसा. जळून जो धूर निघतो तो नळीतून पलीकडे जातो, तिथे एका भयानक तापलेल्या ज्योतीत त्याचे अणू सुटे होतात आणि यंत्र त्यांना वजनावरून ओळखतं. हा कॅल्शियम, हे जस्त, हे लोह. संध्याकाळपर्यंत पडद्यावर रंगीत चित्र तयार आणि माझा काप साफ गायब.

"मावशी, पोलादी पातं चालायचं नाही," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. "पात्याचा धातू कापाला लागतो, मग तो माणसाचा की पात्याचा कळत नाही. हे घ्या." आणि तिने एक पांढरं पातं पुढे केलं. धातूचं नाही, भाजलेल्या मातीचं, कपबशीसारखं.

"बशीने काप काढू?" मी म्हटलं.

पण काढले. सोळा माणसांच्या सोळा रक्तवाहिन्या मी त्या बशीने कापल्या, तोंडाने बडबडत, पण नियम पाळून.

आता आमच्या घरी या. माझे यजमान वेल्डर आहेत. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, त्यामुळे मीही इथे मिस्त्रीच म्हणते. फाटकं, जिने, गच्चीचे कठडे, स्टेनलेस स्टीलचे टाके, जे म्हणाल ते. घरापासून दोन गल्ल्यांवर त्यांचं वर्कशॉप आहे, आणि ते वर्कशॉप ही माझी सवत. एवढीशी जागा, एक खिडकी, तीही मालाच्या मागे झाकलेली. आत गेलं की धुराने घसा धरतो. गेली वीस वर्षं मी म्हणते आहे, बंद करा ते. वीस वर्षं ते म्हणतात, बघू. माझा राग नाकावर असतो आणि त्यांचा कान जागेवर नसतो, असा आमचा संसार.

चार महिन्यांपूर्वी सकाळी चहा घेताना त्यांच्या हातातला कप पडला. मी आत होते. मी आतूनच ओरडले, की नवा सेट आहे, जरा सांभाळून. त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, पण ते शब्द नव्हते. बाहेर येऊन बघते तर तोंड वाकडं आणि उजवा हात लोंबलेला. दहा मिनिटांनी सगळं जागेवर आलं आणि म्हणाले, "काय झालं एवढं? कपच फुटला ना?" त्या दहा मिनिटांत मी जेवढी घाबरले तेवढी जन्मात घाबरले नव्हते. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं काय, तर सेटचे आता पाचच कप राहिले.

मानेतली रक्तवाहिनी तुंबली होती. डॉक्टरांनी ती उघडून आतला थर काढला, अंगठ्याएवढा. संशोधनासाठी देता का, असं विचारलं तेव्हा मिस्त्रींनी सही केली आणि अट घातली, की चित्र निघालं की मला दाखवायचं. साठ वर्षं मी जमवलंय, मला कळू दे काय जमवलं.

अशा रीतीने मिस्त्री सतरा नंबर झाले. बाटलीवर नाव नसतं, फक्त नंबर असतो, पण स्वतःच्या घरचा हट्टीपणा ओळखायला नाव कशाला लागतं? सोळा तुकड्यांत असा कडक तुकडा मी पाहिला नव्हता. कॅल्शियम ठासून भरलेला. पांढरं पातं लावलं की ते वरून उडी मारायचं. पहिला काप चुरा झाला, दुसरा फाटला, तिसऱ्याला पात्याचाच टवका गेला. जगाचे काप मी कागदासारखे सरळ काढले आणि माझ्या माणसाचा काप असा चिंध्या होऊन जाणार? मी दाराला कडी लावली, कपाट उघडलं आणि माझं पोलादी पातं बाहेर काढलं.

काय सांगू, लोण्यासारखं चाललं. सहा काप, एकाला सुरकुती नाही. काचपट्ट्या नकाशावालीला नेऊन दिल्या तेव्हा ती म्हणाली, "मावशी, पांढऱ्या पात्यावर तुमचा हात बसला." मी म्हटलं, "बसला." एवढा एकच शब्द बोलले, आणि तोच नडला.

पुढच्या सोमवारी नकाशावालीने मिस्त्रींना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. तिच्या खोलीत शिरले, आणि कोपऱ्यातला गॅसचा सिलेंडर बघून त्यांचा चेहराच खुलला.

"हा तर आमचा आरगॉन," म्हणाले. "याचं इथे काय काम?"

ती म्हणाली, "ज्योत याच्यावरच चालते, काका."

"आमचीपण. स्टेनलेसला हाच लागतो." मग वाकून सांध्याजवळ कान नेला. "हा गळतोय. साबणाचं पाणी आण जरा."

साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले, तिच्याच पान्याने त्यांनी नट आवळला. दोन महिने सिलेंडर लवकर का संपतो हे तिला कळत नव्हतं. पाच मिनिटांत दोघांची अशी गट्टी जमली की मी खोलीत आहे हे दोघंही विसरले.

मग तिने चित्रं लावली. कॅल्शियमचं लालभडक. जस्त त्याच्याच कडेने. लोहाचा एका कोपऱ्यात डाग, तिथे कधीतरी आतल्या आत रक्त साकळलं असणार, असं ती म्हणाली. "आणि आता हे बघा काका. आधीच्या सोळा जणांत हे कुणातही नाही. फक्त तुमच्यात." पडद्यावर निळ्या रंगात बारीक उभ्या रेघा होत्या, एकीशेजारी एक. "क्रोमियम. तुम्ही स्टेनलेसचं काम करता ना? मला वाटतं, तुमचा धूर तुमच्या रक्तवाहिनीत जाऊन बसलाय."

पोरगी आनंदाने खुर्चीत टिकत नव्हती. तिच्या आयुष्यातला पहिला मोठा शोध होता तो. मिस्त्री पडद्याकडे बघत राहिले.

आणि मी? मला पहिल्या नजरेत कळलं. माणसाच्या शरीरात सरळ रेघ नसते. तीस वर्षांत मी एक पाहिली नाही. सगळं वळतं, फुगतं, गोल फिरतं. सरळ रेघ फक्त पातं काढतं. त्या रेघा माझ्या पात्याच्या होत्या, त्याच दिशेने, वरून खाली. कडक कॅल्शियमवर पातं घासत गेलं होतं आणि आपलं पोलाद सोडत गेलं होतं. त्यातलं लोह रक्ताच्या लोहात बुडून गेलं, क्रोमियम तेवढं उघडं पडलं.

तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "मग बंदच करायला हवं."

वीस वर्षं ज्या वाक्यासाठी मी घसा कोरडा केला, ते वाक्य त्या निळ्या रेघांनी एका मिनिटात काढून घेतलं. मी तोंड मिटलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी वर्कशॉप घ्यायला टपलेल्या एका कठडेवाल्याला निरोप धाडला. शनिवारी येऊन किल्ली घेऊन जा. वेल्डिंग करताना तोंडावर धरायची काच त्यांनी घरी आणली आणि पलंगाखाली सरकवली. मी मनात म्हटलं, देर आये, पण अक्कल आली. मंगळवारी मी खुशीत होते. मंगळवारीच, बरं का.

बुधवारी ते खिडकीजवळ बसून होते. मी म्हटलं, वाचा काहीतरी. त्यांनी पेपर उचलला, पण पान उलटलं नाही. नळ गळत होता, तो दुरुस्त केला. मग गळत नव्हता तोही उघडला. जेवताना भाजीला मीठ नव्हतं, तर मुकाट्याने खाल्ली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, मिठावरून ते बोलले नाहीत असं एकदाही झालेलं नाही. गुरुवारी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ते हात मांडीवर ठेवून बसले होते. ते हात त्यांनी असे ठेवले होते, जसे दुसऱ्या कुणाचे असावेत आणि तो माणूस परत मागायला येणार असावा.

माझ्याच्याने राहवेना. पर्स टेबलावर आपटली आणि म्हटलं, "त्या रेघा तुमच्या नाहीत."

त्यांनी वर पाहिलं.

"माझ्या आहेत. पांढऱ्या पात्याने तुमचा काप फाटत होता. मला बघवेना. मी माझं पातं लावलं. ते क्रोमियम पात्याचं आहे. मला सोमवारीच कळलं होतं, आणि मी गप्प बसले, कारण तुम्ही बंद करतो म्हणालात."

मी शिव्या खायची तयारी ठेवली होती. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "कुठलं पातं? आपलं?"

आता सांगते तो एक माणूस कोण. त्या पात्याला खाच पडली की ती वर्कशॉपमधल्या बारीक दगडावर मिस्त्रीच काढून देतात. तीस वर्षं, दर दोन महिन्यांनी. शेवटचा हात मी कातड्यावर मारते, पण धार त्यांची.

"आपलंच," मी म्हटलं.

"मागच्याच महिन्यात धार लावली मी त्याला." त्यांच्या खांद्यांना हलका हिसका बसला आणि मला वाटलं रडतात की काय. हसत होते. "म्हणजे माल वर्कशॉपमधलाच. माझ्या नाकातून गेला नाही, तुझ्या हातातून गेला."

मीही हसले. हसता हसता रडले, ते वेगळं.

"त्या पोरीला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

नव्हतं सांगितलं. हसू तिथेच थांबलं.

शुक्रवारी सकाळी मी नकाशावालीसमोर उभी राहिले. तीस वर्षांत माझा एक काप परत आला नव्हता, आणि आज मी स्वतः परत न्यायला आले होते. सांगून झाल्यावर तिने चष्मा काढला. मूळ चित्र उघडलं. छान दिसावं म्हणून तिने कडेचं मेण आणि मधली पोकळी काळ्या रंगाने झाकली होती. तो रंग काढला, तर निळ्या रेघा थेट पोकळीतून आरपार गेलेल्या, आणि बाहेरच्या नुसत्या मेणातूनही.

"जिथे माणूसच नाही तिथेही क्रोमियम," ती हळू म्हणाली. "आणि मी तेच झाकून ठेवलं."

"तू झाकलंस, मी लपवलं," मी म्हटलं. "माझं मोठं."

"मी काल आमच्या मोठ्या सरांना शोध लागला म्हणून कळवलंय, मावशी." मला वाटलं आता ही मला खोलीबाहेर काढणार, आणि काढलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते. तिने नाक पुसलं, चष्मा लावला आणि म्हणाली, "वडीत किती शिल्लक आहे?"

पाच-सहा कापांपुरतं होतं. मी पांढरं पातं घेतलं, नवं, टवका नसलेलं. वडी बर्फावर ठेवली, तासभर, कारण निघताना मिस्त्री म्हणाले होते, कडक आणि मऊ एकत्र असलं की आधी दोन्ही गार कर, आणि घाई करू नको. घाई करू नको, हे मला कोण सांगतंय बघा. पहिला काप फाटला. दुसरा फाटला. तिसरा अर्धा आला. मी हात सोडून उभी राहिले, दहापर्यंत आकडे मोजले, आणि चाक इतकं हळू फिरवलं की मला माझाच राग आला. चौथा काप आला. एका कडेला सुरकुती होती. मी ती काढायच्या भानगडीत पडले नाही, तसाच काचेवर उचलला.

यंत्राला अडीच तास लागले. मिस्त्रींना मी बोलावलं नव्हतं, तरी ते आले, कालचाच शर्ट, इस्त्री नाही. तिघं पडद्यासमोर बसलो. कॅल्शियम आला, लालभडक. जस्त आलं. लोहाचा तोच डाग, त्याच कोपऱ्यात. मग क्रोमियमची चौकट उघडली. काळी, कुठेकुठे एखादा ठिपका. आणि सुरकुती होती तिथे काप दुहेरी, म्हणून सगळेच धातू दुप्पट.

"म्हणजे धूर माझ्या आत नाही?" मिस्त्रींनी विचारलं.

"या कापात नाही," नकाशावाली म्हणाली. शोध गेला होता, पण पोरगी सरळ बोलली. "छातीत किती गेलाय ते हे यंत्र सांगत नाही, काका. बंद करा की चालू ठेवा, तेही सांगत नाही."

मिस्त्री माझ्याकडे वळले. "मग तू सांग. उद्या तो किल्ली घ्यायला येतोय. देऊ की नको?"

चौतीस वर्षांत त्यांनी मला असं विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीही त्यांना कधी सरळ सांगितलं नव्हतं. घसा कोरडा केला, धुराच्या नावाने बोटं मोडली, कपाच्या सेटवरून भांडले. पण धुराचं मला काय एवढं होतं?

"त्या दिवशी कप पडला तेव्हा मी आत होते," मी म्हटलं. "तुम्ही काहीतरी बोललात आणि मला कळलं नाही. वर्कशॉपमध्ये पडला असतात तर ऐकायलाही कुणी नव्हतं. मला त्याची भीती वाटते. रोज वाटते. बाकी काही नाही."

नकाशावाली उठून सिलेंडरचा नट तपासायला गेली, जो अजिबात गळत नव्हता.

"हे आधी बोलायचंस," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही ऐकलं असतं?"

त्यांनी विचार केला. "नसतं," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "सकाळी जातो. दुपारी घरी. तू जेवायला येतेस तेव्हा मी दिसेन."

"आणि खिडकी मोकळी करा. धूर ओढणारा पंखा लावा."

"लावतो."

"साडेबाराला घरी."

"साडेबाराला."

शनिवारी कठडेवाला आला, चहा पिऊन हात हलवत परत गेला. पोलादी पातं मी मिस्त्रींना कायमचं देऊन टाकलं. नकाशावालीने निळ्या रेघांचं ते चित्र मोठं करून तिच्या दारावर लावलंय, खाली लिहिलंय, 'सतरा नंबर, मावशीचा हात'. येणारा जाणारा विचारतो आणि ती सगळ्यांना सगळं सांगते. सांगू दे.

सोमवारी मी जेवायला घरी आले आणि दाराशी उभी राहिले. साडेबारा झाले. बारा पस्तीस. मी पुन्हा चपला पायात घातल्या. बारा चाळीसला मिस्त्री कोपऱ्यावरून वळले, हातात पंख्याचं खोकं, दोन्ही हात शाबूत, चालणं सरळ. दहा मिनिटं उशीर. मी काही बोलले नाही, असं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. बोलले. त्यांनी निमूट सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी वाढ. आज मीठ घातलंयस ना?"